खर्जाचें ओझें : बेस गिटार आणि तिचे ध्वनिवर्धक

(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील माणूस घाटावरचा असो कीं घाटाखालचा असो, ‘बेस’ हा शब्द आतां त्याला परका राहिलेला नाहीं. खामगांवच्या बाजारांतून मिरवणूक जात असतां, किंवा मलकापूर-नांदुऱ्याकडे एखादी वरात निघाली असतां, गाण्याचे शब्द कानीं पडण्यापूर्वींच छातींत कांहीं तरी धडधडूं लागतें आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागतात. घरांतील मुलें सांगतात, “बेस वाढविला आहे.” हा बेस म्हणजे काय, तो ऐकविण्यास एवढा खटाटोप कां करावा लागतो, आणि बेस गिटार वाजविणाऱ्यांनीं गेल्या पाऊणशें वर्षांत त्यासाठीं कोणकोणतीं यंत्रें वापरलीं, हें आज सांगावयाचें आहे. वाद्य विलायती असलें, तरी त्यांतील मुख्य अडचण आपल्या भजनी मंडळींतील मृदंग्यालाही ठाऊक आहे.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर वादक ओल्या कणकेचा गोळा थापतो, तो कशासाठीं? कणकेच्या वजनानें पुडी जड होते, ती सावकाश हालूं लागते, आणि जी वस्तु सावकाश हालते तिच्यांतून खालचा स्वर निघतो. शेगांवाहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीपुढें जो घुमारा ऐकूं येतो, त्याचें अर्धें श्रेय या कणकेला आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार इतर तारांहून जाड असते, तिचेंही कारण हेंच. खर्ज पाहिजे असेल तर कोठें तरी वजन वाढवावें लागतें. बेस गिटारच्या ध्वनिवर्धकांचा सारा इतिहास या एका वाक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. मात्र तेथें वजन कणकेचें नव्हतें. तें लोखंडाचें, तांब्याचें, लांकडाचें आणि पैशाचें होतें.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम ‘डबल बेस’ हें माणसाहून उंच असें तंतुवाद्य करी. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी यांचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला, आणि पुढें गोमंतकीय वादकांनीं हें संगीत आपलेंसें केलें. त्या काळीं अशा वृंदांत मागें उभें असलेलें तें अवजड वाद्य म्हणजे हाच डबल बेस. तें एवढें मोठें असूनही पितळी वाद्यांच्या गर्दींत त्याचा आवाज दबून जाई. शिवाय तें घेऊन गांवोगांव फिरणें म्हणजे घरांतील कपाट बरोबर घेऊन फिरण्यासारखें होतें.

यावर तोडगा काढला तो लिओ फेंडर या अमेरिकन गृहस्थानें. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं त्याचें रेडिओ दुरुस्तीचें दुकान होतें. त्यानें १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ नांवाची चार तारांची विजेवर चालणारी गिटार बाजारांत आणली. ती गळ्यांत अडकवितां येई. तिच्या भरीव लांकडी पाटीला स्वतःचा आवाज जवळजवळ नव्हताच. लोखंडी तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असे. तार हालली कीं वेटोळ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होई. हा प्रवाह मोठा करणारें यंत्र, म्हणजे ध्वनिवर्धक, जवळ नसेल तर तें वाद्य मुकेंच. म्हणून बेस गिटारचा ध्वनिवर्धक हा त्या वाद्याचा अर्धा देह समजावा.

आतां अडचण कोठें आली तें पाहूं. आपल्या बाजाच्या पेटींत मध्य सप्तकांतील ‘पांढरी एक’ सेकंदाला सुमारें २६२ कंपनें करते. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला अवघीं ४१ कंपनें करते. या एका फरकांतून तीन संकटें उभीं राहतात.

पहिलें संकट आपल्या कानाचें. मनुष्याचा कान खालच्या स्वरांना मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं याचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. सेकंदाला हजार कंपनांचा स्वर जेमतेम ऐकूं येण्यास जेवढी ध्वनिशक्ति लागते, तिच्या सुमारें लाखपट शक्ति चाळीस कंपनांचा स्वर जेमतेम ऐकूं येण्यास लागते. आवाज मोठा होत गेला म्हणजे हा फरक कमी होतो. रेडिओ हळू लावला तर खर्ज नाहींसा झाल्यासारखा वाटतो आणि मोठा केला कीं भरून येतो, त्याचें कारण हें. आवाज वाढविण्याचा मोह येथूनच सुरू होतो, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

दुसरें संकट हवेचें. स्वर एक सप्तक खालीं गेला आणि त्याचा जोर मात्र तेवढाच ठेवावयाचा असला, तर कर्ण्याच्या कागदी पडद्याला चौपट मागेंपुढें हालावें लागतें. लहान पडदा इतका हालूं शकत नाहीं. तो फडफडतो किंवा फाटतो. मग पडदा मोठा करावा, नाहीं तर अनेक पडदे एकत्र लावावे, एवढेच दोन मार्ग उरतात.

तिसरें संकट पडद्याच्या पाठीचें. पडदा पुढें सरकला कीं समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागें विरळ होते. खर्जाची लाट फार लांब असते; ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारें २७ फूट भरते. एवढी लांब लाट कर्ण्याच्या कडेला सहज वळसा घालते, पुढची व मागची हवा एकमेकींत मिसळतात आणि स्वर जागच्या जागीं विरतो. जुन्या रेडिओंतील कर्णा काढून उघडा वाजविला तर आवाज पिचका होतो, आणि त्याच्याभोंवतीं पुठ्ठ्याची मोठी चकती धरली कीं तो पुन्हां भरतो, हा प्रयोग घरीं करून पाहतां येईल. म्हणून कर्ण्याला लांकडी पेटी पाहिजे, आणि खर्जासाठीं ती मोठीच पाहिजे.

हीं तीन संकटें समजलीं म्हणजे पुढील यंत्रांचा क्रम आपोआप उलगडतो. फेंडरनें १९५२ सालीं आपल्या बेस गिटारसाठीं ‘बासमन’ नांवाचा ध्वनिवर्धक काढला. त्यांत काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, होत्या. शक्ति सुमारें २६ वॅट, आणि १५ इंचांचा एकच कर्णा. एवढ्याशा शक्तीवर खर्जाचा जोर वाढवूं गेलें कीं आवाज फाटे. दोन वर्षांनीं त्यांत १० इंचांचे चार कर्णे आले. गंमत अशी कीं, हें यंत्र खर्ज वाजविणाऱ्यांपेक्षां साधी विजेची गिटार वाजविणाऱ्यांनाच अधिक आवडलें. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनीं १९६२ सालीं आपला पहिला ध्वनिवर्धक काढला, तो याच बासमनच्या धर्तीवर.

दुसरें नांव ‘अ‍ॅम्पेग’ या अमेरिकन कंपनीचें. तिचे संस्थापक एव्हरेट हल हे स्वतः डबल बेस वाजवीत. वाद्य जमिनीवर टेंकविण्याच्या खुंटींत त्यांनीं ध्वनिग्राहक बसविला, आणि इंग्रजींत त्या ‘वाढविलेल्या खुंटी’चें जें नांव होतें, त्याचा संक्षेप करून कंपनीचें नांव झालें. १९६० सालीं या कंपनीनें ‘पोर्टाफ्लेक्स’ काढला. प्रवासांत त्याचा विजेचा भाग उलटा होऊन पेटीच्या आंत बसे आणि वाजवितांना वर येई. खालीं १५ इंचांचा एक कर्णा पेटींत असे. डेट्रॉइट येथील प्रसिद्ध वादक जेम्स जेमरसन क्लबांतून वाजवितांना हाच वापरीत. मुद्रणालयांत मात्र त्यांची गिटार बहुधा तारेनें थेट मुद्रणयंत्राला जोडीत, कारण तेथें हवा हालविण्याची गरजच नसे.

हा भेद महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रणांत खर्ज स्वस्त असतो. तो महाग होतो मोकळ्या जागेंत आणि गर्दींत. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर बीटल्स मंडळी वाजवावयास उभी राहिली, तेव्हां समोर पंचावन्न हजारांवर श्रोते होते, आणि रंगमंचावर व्हॉक्स कंपनीचे शंभर वॅटचे ध्वनिवर्धक होते. श्रोत्यांच्या आरड्यांत वादकांना स्वतःचें वाजविणेंही ऐकूं येईना. त्यानंतर शक्तीची जी चढाओढ लागली तिचें टोंक म्हणजे अ‍ॅम्पेगनें १९६९ सालीं काढलेला ‘एस. व्ही. टी.’ : शक्ति ३०० वॅट, निर्वात नळ्या १४, आणि १० इंचांचे आठ-आठ कर्णे असलेल्या दोन प्रचंड पेट्या. त्याचा नुसता वरचा भागच चाळीस किलोच्या घरांत भरे. त्याच वर्षीं रोलिंग स्टोन्स या मंडळींनीं अमेरिकेच्या दौऱ्यांत त्याचे पहिले नमुने वापरले.

एवढें वजन कां, असा प्रश्न पडेल. निर्वात नळीला काम करण्यास शेंकडों व्होल्टचा दाब लागतो, आणि कर्ण्याला हवा असतो कमी दाबाचा पण भरपूर प्रवाह. या दोहोंची सोयरीक जुळवून देण्यास लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि स्वर जितका खालचा तितकें त्यांतील लोखंड अधिक. पखवाजाची कणीक ती हीच.

पुढें ट्रान्झिस्टर आले आणि या ट्रान्सफॉर्मरची गरज उरली नाहीं. आरंभीचे ट्रान्झिस्टर उष्णतेनें लवकर जळत. शिवाय शक्तीची मर्यादा ओलांडली कीं त्यांचा आवाज कर्कश होई, तर नळ्यांचा तुलनेनें सौम्यपणें फाटे. म्हणून पुष्कळ वादक नळ्यांनाच चिकटून राहिले. तरी १९६७-६८ च्या सुमारास ‘अ‍ॅकूस्टिक’ कंपनीचा ‘३६०’ हा २०० वॅटचा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक आला. त्यांतील १८ इंचांचा कर्णा घडी घातलेल्या लांकडी भोंग्यांत बसविलेला होता. वादकाच्या जवळ आवाज बेताचा आणि दूरवर मात्र भरदार, अशी त्याची ख्याती होती. जॅको पास्टोरियस या असामान्य वादकानें त्याच्या जोरावर बेस गिटारला गायकासारखें पुढें आणलें.

हीं यंत्रें त्या काळीं आपल्याकडे फारशीं आलीं नाहींत. १९९१ पूर्वीं परदेशी मालावर कडक निर्बंध होते आणि जकात जबर होती. मुंबईंतील तरुण वाद्यवृंदांनीं हिंदुस्थानांत जुळविलेलीं यंत्रें वापरून भागविलें. ‘सिमला बीट’ या स्पर्धेंतील वृंदांच्या १९७० व १९७१ सालच्या तबकड्या त्या पिढीची साक्ष देतात. चित्रपटसंगीतांत बेस गिटारनें याच काळांत घर केलें. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदांत टोनी वाझ ती वाजवीत. चरणजित सिंग हेही तिचे नामांकित वादक होते.

आणि आमच्या जिल्ह्यांत? तालुक्याच्या गांवीं गणेशोत्सवांत ऑर्केस्ट्रा येई, तेव्हां बेस गिटारला स्वतंत्र ध्वनिवर्धक क्वचितच असे. गायक, ढोलकी आणि गिटार हीं सारीं एकाच यंत्रांतून वाजत. १९४० सालीं स्थापन झालेल्या अहुजा कंपनीचीं यंत्रें मंडपवाल्यांकडे असत. नाहीं तर रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ‘६ एल ६’ नांवाच्या नळ्या, आणि पुढें ‘२ एन ३०५५’ हे ट्रान्झिस्टर, घालून घरींच यंत्र जुळवी. फुलर्टनच्या फेंडरचा धंदा आणि आमच्या बाजारगल्लींतील या कारागिरांचा धंदा एकच होता. झाडावर किंवा गच्चीवर बांधलेला पत्र्याचा भोंगा माणसाचा शब्द मैलभर पोहोंचवी, पण खर्ज त्याच्या आवांक्याबाहेरचा. आखूड भोंगा लांब लाट बाहेर टाकूंच शकत नाहीं.

तरीही घराघरांतील लहान रेडिओवर, चार इंचांच्या कर्ण्यांतून, लोकांनीं बेस गिटार ऐकली आणि तिच्यावर ताल धरला. हें कसें? कोणत्याही तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वरही निघतात. ४१ कंपनांचा मूळ स्वर लहान कर्णा देऊं शकत नाहीं. पण ८२, १२३, १६४ हे उपस्वर कमीअधिक प्रमाणांत देतो. त्यांतील समान अंतरावरून मेंदू मूळ स्वर ओळखतो आणि तो ऐकल्याचा भास करून घेतो. ओळखीच्या माणसाची चाल पाहून चेहरा दिसण्यापूर्वींच आपण त्याला ओळखतों, तसेंच हें. खर्जाचा आनंद घेण्यास भिंती हालाव्या लागत नाहींत, याचा हा पुरावा आहे.

आतां आजची स्थिति. या शतकांत नव्या पद्धतीचे ध्वनिवर्धक सर्वत्र झाले. ते विजेचा प्रवाह सेकंदाला लाखों वेळां चालू-बंद करून काम करतात, त्यामुळें शक्ति उष्णतेंत फारशी वाया जात नाहीं. पूर्वीं ३०० वॅटसाठीं चाळीस किलो उचलावे लागत. आतां ५०० वॅटचें यंत्र दोन-तीन किलोंत, हातांतल्या पिशवींत मावतें. वादकांच्या पाठीवरचें ओझें उतरलें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या ओझ्याबरोबर एक लगामही सुटला. खर्ज महाग होता तोंवर तो बेतानेंच वापरला जाई. आज ट्रकवर जनित्र आणि कर्ण्यांच्या पेट्यांची भिंत चढविली कीं अरुंद गल्लींत हवा तेवढा खर्ज ओततां येतो. दोन्ही बाजूंच्या भिंती तो परतवितात आणि तो आणखीच वाढतो. बंद खिडकी गाण्याचे शब्द बऱ्याच अंशीं अडविते, पण लांब लाटेला ती फारशी अडवूं शकत नाहीं. म्हणून घरांतील आजारी माणसाच्या वांट्याला गाणें येत नाहीं, नुसती धडधड येते.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. राज्य सरकारला वर्षांतून पंधरापर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं या बंदीला पुष्टि दिली. पण येथें एक तांत्रिक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. हे आंकडे ‘ए’ मापानें मोजावयाचे असतात. ‘ए’ माप मंद आवाज ऐकणाऱ्या कानाच्या धर्तीवर बेतलेलें असल्यामुळें खर्ज मुद्दाम कमी धरतें; सेकंदाला ५० कंपनांच्या ध्वनीची शक्ति तें सुमारें हजारांत एक एवढीच हिशेबांत घेतें. मंद आवाजाला हें योग्यच आहे. पण मिरवणुकींतील आवाज मंद नसतो, आणि मोठ्या आवाजांत कान खर्जाला मंद राहत नाहीं, हें आपण मघांशीं पाहिलें. म्हणजे ज्या धडधडीची तक्रार असते, तिचाच बराचसा भाग मोजणाऱ्या यंत्राच्या कांट्यावर उमटत नाहीं. खर्ज जवळजवळ पूर्णपणें धरणारें ‘सी’ मापही असतें. दोन्ही मापांनीं मोजून त्यांतील अंतर पाहिलें, तर खर्ज किती आहे हें तत्काळ कळतें. तक्रार करणाऱ्या नागरिकांनीं आणि मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं एवढें जरी केलें, तरी वादाचा निम्मा भाग मिटेल.

कानाचा हिशेबही सांगून ठेवतों. ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत आठ तास सोसावा, ही कामगारांसाठीं पुष्कळ ठिकाणीं मानली जाणारी मर्यादा. त्यापुढें दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी करतात. त्या हिशेबानें शंभर डेसिबलला अवघीं पंधरा मिनिटें उरतात. पेट्यांच्या भिंतीपुढें नाचणारीं मुलें तेथें तासन्‌तास असतात. गेलेली श्रवणशक्ति औषधानें परत येत नाहीं.

यासाठीं उत्सव बंद करावयास नको. मंडळांना एवढेंच सांगावें कीं, खर्जाच्या पेट्या कमी ठेवा, त्या भिंतीलगत लावूं नका, आणि गायकाचा शब्द स्पष्ट ऐकूं येईल इतकाच खर्ज द्या. ज्या वादकांनीं चाळीस किलोंचीं यंत्रें जिने चढविलीं, त्यांनाही खर्ज हवा होता तो गाण्याला खालून आधार देण्यासाठीं. घरचा पाया भक्कम असावा, पण तो उंबऱ्याच्या वर येऊं लागला तर घरांत चालतां येत नाहीं. पखवाजवाद्याला कणीक किती लावावी हें समजतें. जास्त झालेली तो बोटानें काढून टाकतो. खर्ज वाढविण्याचें बटण ज्याच्या हातीं आहे, त्यानें एवढी समज ठेविली तरी पुरे.